चैतरामच्या जीपची लाईट

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटत असेल तर इथेच थांबा, माझी काही हरकत नाही. ज्यांच्या घरी घडली ते लोक आजही त्याच घरात राहतात. ती जीपही घरामागे उभी आहे. मी स्वतः तिच्यात बसून आलो आहे.

पुन्हा बसणार नाही.

गोंदिया जिल्ह्यात बिरसीच्या पुढे माझ्या मावशीचं गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असलं काही कळलं की रिकामटेकडे लोक मोबाईल घेऊन बघायला येतात, आणि त्या घराने आधीच पुरेसं भोगलं आहे. मागच्या दिवाळीनंतरचे दिवस होते. धान कापून झालं होतं, शेतात नुसते खुंट उरले होते आणि संध्याकाळ लवकर पडायला लागली होती.

जे घडलं ते माझ्या मावसभावाच्या हातून घडलं, म्हणून त्याच्याच बाजूने सांगतो. त्याचं नाव वीरेंद्र, घरात सगळे विरू म्हणतात. मावशी आणि मावसाजी म्हणत बसलो तर तुमचाच गोंधळ होईल, तेव्हा सरळ नावानेच सांगतो. विरूचे वडील चैतराम, आई नंदाबाई आणि बायको रीता. घरात एवढीच माणसं.

चैतरामजींकडे एक जुनी जीप होती. पुढे दोन सीटा, मागे समोरासमोर दोन लांब बाक आणि मागच्या बाजूला उघडणारा दरवाजा. गावात कुणाला ताप आला, कुणाची सून अडली, की पहिली हाक चैतरामजींना जायची. माणूस तोंडाने फटकळ होता. पण गाडी काढताना त्याने कधी का-कू केलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांच्याच छातीत कळ आली.

नंदाबाईने पाणी पाजलं. दोन घोट गेले, बाकीचं ओघळलं. विरूने आणि शेजारच्या दुधरामने त्यांना उचलून जीपच्या मागच्या बाकावर निजवलं. रीता त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नंदाबाई दुधरामच्या मोटारसायकलवर मागून येणार होती. विरूने गाडी गोंदियाकडे दामटली.

वाटेतल्या नागरा गावाजवळ पोचेपर्यंत अंधारून आलं.

मागून रीता ओरडली, "अवो, लाईट लावा! लाईट लावा लवकर!"

विरूने डॅशबोर्डवरचं बटन ओढलं.

त्या जीपचं लाईटचं बटन जुन्या पद्धतीचं होतं. काळं, गोल, बोराएवढं. एकदा ओढलं की मीटरमागची बारीक लाईट लागायची. आणखी ओढलं की समोरचे दिवे. विरूने एकदा ओढलं, बारीक पिवळी लाईट लागली. दुसऱ्यांदा ओढायला गेला तर बटन हललंच नाही. पुढे ना मागे.

त्याने दोन शिव्या हासडल्या आणि तशीच गाडी मारली. पुढे गोंदियाचे रस्त्यावरचे दिवे आलेच. दवाखान्यात डॉक्टरने मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली.

मयत दवाखान्याच्या गाडीतून घरी आलं. जीप दुधरामने आणली आणि सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आवारात, उभी करून ठेवली.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. पुढचं सगळं तिच्यावर आहे.

आमच्याकडे माणूस जातो तेव्हा जिथं त्याचा शेवटचा श्वास सुटला, त्याच जागी दिवा लावतात. दहा दिवस. तो विझू द्यायचा नाही. जीव त्या जागेवरच घुटमळत असतो म्हणतात, आणि दहाव्यापर्यंत त्याला त्या उजेडात पुढची वाट दिसते. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी दिव्यापाशी पीठ पसरून त्यावर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचललं की पिठात काहीतरी उमटलेलं असतं. पाखराचा पाय, मुंगळ्याची ओळ, काहीही. म्हणजे माणूस निघाला. त्याला वाट मिळाली.

माणसं विचारायला आली तेव्हा नंदाबाई पदर सावरून एकच बोलायची.

"घरातच गेले माये. माह्या हातचं पाणी पेऊन गेले. गाडीत घातलं तवा काईच नव्हतं."

सगळ्यांना बरं वाटायचं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, बायकोच्या हातचं पाणी पिऊन... यापेक्षा चांगलं मरण कोणतं? खाटेपाशी दिवा लागला. नंदाबाई त्याच्याजवळून हलेना. जवसाचं तेल घालायची, वात सारखी करायची. जेवायला हाक मारली तर म्हणायची, "आधी त्यायले जाऊ दे नीट. मंग जेवतो."

नवऱ्याला वाट मिळावी, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही नाही.

रीता ते ऐकायची... आणि मान खाली घालायची.

माती देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला विरू हातपाय धुवायला सांदवाडीत गेला. जीपच्या काचेतून काहीतरी पिवळं दिसलं.

मीटरमागची लाईट चालू होती.

दुधराम बंद करायला विसरला असेल, असं त्याला वाटलं. आत बसून त्याने बटन ढकललं. बटन जागचं हललं नाही. अंगठ्याने दाबलं, तळव्याने दाबलं. काही नाही. जळू दे, बॅटरी उतरली की आपोआप विझेल म्हणून तो घरात आला.

दुसऱ्या संध्याकाळी लाईट होती.

तिसऱ्याही संध्याकाळी होती. तेवढीच.

हळूहळू विरूच्या एकेक गोष्ट लक्षात यायला लागली.

धान कापणीच्या दिवसांत आमच्याकडे दिव्याभोवती किड्यांचा नुसता थवा असतो. ओसरीतल्या बल्बखाली सकाळी झाडूने गोळा करावे लागतात. पण जीपच्या त्या उजेडाजवळ... एकही किडा नव्हता.

घरचं कुत्रं रोज जीपखाली झोपायचं. आता ते कुंपणापलीकडे झोपायला लागलं.

आणि काचा.

बाहेर थंडी फारशी नव्हती. दुसऱ्या कुठल्याही काचेवर दव नव्हतं. जीपच्या काचा मात्र धूसर व्हायच्या. विरूने बाहेरून फडकं मारलं तरी पुसल्या जाईनात.

धूसरपणा आतून होता. बंद गाडीत कुणी बसून श्वास सोडावा तसा.

तो रीताला म्हणाला, "त्या गाडीत काईतरी बिघाड आहे. बटन काढून टाकतो."

रीता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "राहू द्या ना. जळते तं जळू द्या."

"काऊन?"

"काई नाई. दहावं होऊ द्या, मंग काढा."

"लोक पाहून राहिले रीता. ते मनतात मेलेल्याच्या गाडीत उजेड दिसून राहिला."

तिने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आतून नंदाबाई आली, तेलाची बाटली भरायला. रीताने भाकरी तव्यावर टाकली. विरूला वाटलं, बायकांचं हे असंच असतं, कारण नसताना भितात. त्याला तिचा रागच आला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारपासून पाहुणे यायला लागले. वरून बिरसीच्या वैमानिक शाळेची शिकाऊ विमानं घरघरत जात होती. पाहुण्यांची पोरं विमानं बघायला सांदवाडीत पळाली आणि तशीच परत आली. एका पोरीने आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं. गाडीत आबा बसले आहेत म्हणाली.

आईने तिला एक चापट दिली. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

विरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे आजच संपवायचं, असं त्याने ठरवलं. गोंदियाचा ओमेश मेकॅनिक त्याचा दोस्त. त्याला फोन लावला.

ओमेश हसला. "अरे भाई, टेन्शन मत ले. बटनाच्या खालच्या अंगाले बारीक छेद राहते पाय. त्याच्यात एक पिन आहे, स्प्रिंगवाली. ते तारेनं दाबायची न बटन ओढायचं. हातात येते. मंग आतली दांडी पकडीनं दाबून दे, हो गया बंद."

"गंजली असंल तं?"

"तेल सोड दोन थेंब. न आधी बॅटरीची केबल काढ, शॉक-बिक लागंल."

विरूने बॉनेट उघडलं.

केबल आधीच काढलेली होती.

बॅटरीच्या बाजूला लोंबत होती, टोकाला कागद गुंडाळून. त्याने कुंपणावरून दुधरामला हाक मारली. दुधराम आला, बघितलं, आणि दोन पावलं मागे सरला.

"मी त्याच दिवशी काढून ठेवली होती गा विरू. मनलं, बॅटरी उतरंल बेकार. तुले सांगायचं राहून गेलं."

दोघांनी जीपच्या काचेकडे बघितलं.

आत... पिवळी लाईट जळत होती.

दुधराम घरी निघून गेला. विरूलाही पळावंसं वाटलं होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. पण भीतीपेक्षा त्याला राग जास्त आला होता. बाप गेला, आई उपाशी, लोक कुजबुजताहेत, आणि हे एवढंसं बटन आपल्याला खेळवतंय! त्याने सायकलचा एक स्पोक घासून बारीक केला. तेलाची बाटली दिव्यापाशी होती, तीच उचलली. सूर्य बांधाला टेकला होता. विमानं उतरून गेली होती.

तो ड्रायव्हर सीटवर बसला आणि दार लावून घेतलं.

आत दमट होतं. दवाखान्यातून माणूस घरी आणल्यावर खोलीला येतो तसला वास होता. विरू वाकला. बटनाखालचा छेद बोटाने चाचपला. तेलाचे दोन थेंब सोडले.

मग बटन धरलं.

ते गरम होतं.

लाईटने तापलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. स्पोक छेदात घालून दाबला आणि बटन ओढलं.

बटन बाहेर आलं नाही. उलट... आतल्या बाजूने कुणीतरी ओढावं तसं मागे गेलं. केसभर. त्याने पुन्हा ओढलं. ते पुन्हा मागे गेलं.

त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने पाय रोवले, स्पोक जोरात दाबला आणि एक हिसका दिला.

कट्.

बटन हातात आलं. समोर नुसती लोखंडी दांडी उरली. लाईट अजून चालू होती. विरूने पक्कड घेतली. दांडी धरली. आणि आत दाबली.

लाईट विझली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. तो सुटकेचा श्वास सोडणार होता.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे... बाकावर... कुणीतरी श्वास आत ओढला.

खोल. घाबरलेला. झोपलेल्या माणसाच्या अंगावर एकदम थंड पाणी पडावं तसा.

विरू दार उघडून बाहेर पडला तो थेट विहिरीच्या कठड्यापाशी. तिथं रीता उभी होती. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती अंधारलेल्या जीपकडे बघत होती.

"काय केलं तुमी हे..." ती म्हणाली. "विझवलं? बाबाचा दिवा विझवला?"

आणि मग तिने सगळं सांगितलं. रडत, तुटक तुटक, पाहुण्यांसमोरच.

चैतरामजी घरात गेलेच नव्हते.

नागऱ्यापर्यंत ते जिवंत होते. रीताच्या मांडीवर डोकं ठेवून बोलत होते. अंधारून आलं तसे घाबरले. तिचा हात घट्ट धरून म्हणाले, "अंधार पडून राहिला माय. काई दिसत नाई. विरूले मन लाईट लाव." इंजिनाच्या आवाजात विरूला ते ऐकू गेलं नाही. म्हणून ती ओरडली. विरूने बटन ओढलं, बारीक पिवळी लाईट लागली. त्यांनी तिकडे बघितलं. "आता बरं वाटते," म्हणाले.

आणि हात सुटला.

"मंग सांगितलं काऊन नाई?" विरू ओरडला.

"कसं सांगू? आई सगळ्यायले सांगून राहिली होती, घरातच गेले, माह्या हातचं पाणी पेऊन गेले. एवढंच तं तिच्यापाशी उरलं होतं. ते मी कसं हिसकू? मले वाटलं... त्यायचा दिवा जळूनच राहिला ना. जळू दे दहाव्यापर्यंत."

दारात नंदाबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती रडली नाही.  घरात गेली, खाटेपाशी इतके दिवस जपलेला दिवा उचलला, पदराआड धरून जीपपाशी आणला आणि बाकावर ठेवला. ज्योत विझली. वारा नव्हता. पुन्हा पेटवला. पुन्हा विझला. तिसऱ्यांदा तर वात पेटलीच नाही, तेलात बुडालेली असून.

दहावं करायला आलेले उदेभानजी म्हणजे चैतरामजींचे चुलते, भावकीतले सगळ्यांत मोठे. त्यांनी तिच्या हातातून दिवा काढून घेतला.

"नोको बाई. ज्याचा दिवा घरच्याच हातानं विझला, त्याच्यासाठी तो पुन्हा लागत नाई. पीठ ठेवून पाहू. निघाला असंल तं निघाला असंल."

खाटेपाशी पीठ ठेवलं. जीपमध्ये दोन बाकांच्या मधल्या पत्र्यावरही पसरलं. मागचा दरवाजा लावून कडी घातली.

घरात कुणी झोपलं नाही.

पहाटे उजाडताच उदेभानजींनी आधी खाटेपाशी टोपलं उचललं. पीठ जसंच्या तसं होतं, वर एक रेघ नाही.

मग जीपची कडी काढली.

विरू सर्वांत पुढे होता. त्याने जे बघितलं ते मला सांगताना तो तीनदा थांबला.

पिठात बोटांचे माग होते. लांब, ओढलेले. चैतरामजींचं डोकं जिथं होतं त्या कोपऱ्यातून सुरू झालेले. थोडे पुढे जाऊन एका बाकाला धडकलेले, परत फिरलेले, दुसऱ्या बाकाला धडकलेले. मग गोल गोल. मग पुढे, सीटांच्या मधून, वर डॅशबोर्डपर्यंत. जिथं बटन होतं त्या दांडीभोवती पिठाचे पांढरे ठसेच ठसे होते. एकावर एक.

प्रत्येक मागात चारच बोटं होती. चैतरामजींच्या उजव्या हाताचं एक बोट फार वर्षांपूर्वी मळणीच्या यंत्रात गेलं होतं. तिथं कुणाला काही विचारावं लागलं नाही.

नंदाबाई पिठाकडे बघत राहिली.

"चाचपडून राहिले," ती म्हणाली. "अंधारात चाचपडून राहिले माह्ये मालक. रातभर."

आणि मग ती जी रडली, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं.

विरूने काय करायचं बाकी ठेवलं नाही. ओमेशला आणून नवं बटन बसवलं, नवी वायर टाकली, केबल जोडली. लाईट लागली. नवीकोरी, पांढरीफट्ट. त्या लाईटभोवती संध्याकाळी किडे जमले, म्हणजे ती साधी लाईट होती. तिचा काही उपयोग नव्हता. पूजा झाली, नागऱ्याच्या महादेवाला अभिषेक झाला. रोज तिन्हीसांज झाली की जीपमधून आवाज यायचा. पत्र्यावरून तळहात फिरवल्याचा. सर्र... सर्र...

एकदा विरू हिंमत करून ड्रायव्हर सीटवर जाऊन बसला. बाबा, मी आहे, विरू आहे, असं म्हणाला.

मागून एक थंड हात त्याच्या मानेवर आला. कानावरून गेला. खांद्यावरून, दंडावरून पुढे, डॅशबोर्डकडे. आणि पुन्हा मानेवर. त्या हाताला विरू कळलाच नाही. सीट कळावी, पत्रा कळावा, तसाच तो कळला.

त्या दिवशी विरू गाडीतून उतरून लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या संध्याकाळी नंदाबाई स्वतः जीपमध्ये जाऊन बसली. मागच्या बाकावर, अंधारात. उजवा हात पुढे केला.

आवाज थांबला.

तेव्हापासून ती रोज बसते. दिवेलागणीला जाते आणि जेवायच्या वेळेला येते. आली की तिचा उजवा हात कोपरापर्यंत गार असतो. रीता शेकून देते. विरूने एकदा विचारलं, "आई, असं कवापर्यंत?"

ती म्हणाली, "मी धरला की त्यायले वाटते कोणीतरी आहे. मी सोडला तं ते मंग तुले शोधतीन. मले वळखतात तरी. तुले नाई वळखत."

हे सगळं मला फोनवर कळलं होतं. खरं सांगतो, मी विश्वास ठेवला नव्हता. होळीला मुद्दाम गेलो. नंदाबाई, माझी मावशी, जीपमध्ये गेली तेव्हा मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो.  ती मागे अंधारात हात पुढे करून बसली आणि हळू आवाजात गप्पा मारायला लागली. कुणाचं धान किती झालं, गाय व्यायली, ओसरीच्या छपराचे कवेलू फुटले. मधे थांबायची, कुणी काही बोलल्यासारखी. मग हूं म्हणायची.

मला हसू येत होतं.

मग तिला ठसका लागला. पदर तोंडाला लावायला तिने हात सोडला असावा.

माझ्या गालावर काहीतरी थंड आलं.

चार बोटं.

ती माझ्या डोळ्यांवरून फिरली. नाकावरून, ओठांवरून. आंधळा माणूस भिंत शोधतो तशी.  मागून मावशी घाईने म्हणाली, "इकडं, इकडं... मी इथं आहो." आणि बोटं गेली.

मी त्याच दिवशी परत आलो. त्यानंतर कित्येक दिवस मी दिवा मालवून झोपू शकलो नाही.

आता पावसाळा संपत आला आहे. मावशी अंथरुणाला खिळली आहे. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पूर्ण बधिर झाला. टाचणी टोचली तरी कळत नाही. गोंदियाच्या डॉक्टरला कारण सापडेना. नागपूरला न्या, वेळेत नेलं तर वाचेल, असं त्याने सांगितलं. विरूने गाडी ठरवली. मावशीने दाराची चौकट डाव्या हाताने धरून ठेवली, सोडेना.

काल विरूचा फोन आला. 

"आई काय मनते मालूम आहे तुले?" तो म्हणाला. "ते मनते, मले नागपूरले नोको नेऊ. माहा टाईम आला का जीपमधी नेऊन निजव, त्यायच्या बाकावर. माहा जीव तिथं गेला पायजे. मंग तिथं दिवा लावा माह्या नावाचा, दहा दिवस. तो दिवा माहा राहीन, तो लागंल. त्या उजेडात मी त्यायले हात धरून घेऊन जातो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांग ना गा," तो म्हणाला. "नागपूरले नेलं तं आई वाचंल. मंग बाबा तिथंच राहतीन. अंधारात. मीच विझवली ना लाईट... आता काय करू मी, सांग."

 विचार करून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. त्याच्यामागे रीता कुणाला तरी मोठ्याने हाक मारत होती आणि लांबून पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. मावशी आता जीपपर्यंत जाऊ शकत नाही.

आज सकाळी रीताचा मेसेज आला. विरूने जीपचा मागचा बाक धुऊन काढला आहे. त्यावर गादी टाकली आहे. जवसाच्या तेलाची नवी बाटलीही आणून ठेवली आहे. तिने विचारलं आहे, दादा, तुम्ही येऊन यांना काही सांगता का.